हब बंद केला, हब चालू केला

नेट बंद पडलं की कॉलेजात माझी आठवण निघायची. त्यामुळे माझी आठवण रोज निघायची.

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात मी नोकरीची बहुतेक वर्षं नेटवर्क सांभाळलं. पद होतं सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. एवढं लांब नाव उच्चारायला कुणाला सवड नसे. प्राध्यापक 'शेलार मॅडम' म्हणत, शिपाई 'नेटवाल्या बाई' म्हणत, आणि होस्टेलची पोरं काय म्हणत ते मी कधी विचारलं नाही.

लोकांना वाटतं, हे काम पंख्याखाली संगणकासमोर बसून करायचं. निम्मं काम वायरच्या मागं फिरण्याचं असतं. कधी चर खणताना जेसीबीनं केबल तोडलेली असते, कधी उंदरानं कुरतडलेली. एकदा रस्त्यावरून गेलेली आमची केबल उसाच्या ट्रॉलीत अडकून पार फाट्यापर्यंत गेली. मी तिथं पोचले तर ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बाई, तुमची वायर आमच्या उसात आलीया." मी वाद घातला नाही. वायर काढून घेतली. उरलेलं निम्मं काम माणसांचं. ते जास्त अवघड, कारण माणसाला नवीन टोक लावता येत नाही.

त्या निम्म्यातलाही मोठा वाटा फाइल शेअरिंगनं खाल्ला. पोरांच्या भाषेत टॉरेंट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एरवी आपण नेटवरून काही उतरवतो ते मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावरून पोतं उचलून आणल्यासारखं. टॉरेंटला गाळा नसतो. एका सिनेमाचे बारीक बारीक तुकडे जगभरच्या लोकांच्या संगणकांवर पडलेले असतात आणि सॉफ्टवेअर ते गोळा करून जोडतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं नसतं. तुमच्याकडं आलेला तुकडा तुमचा संगणक लगेच दुसऱ्यांना वाटायला लागतो. तुम्ही मेसमध्ये जेवायला गेलात तरी तो वाटत राहतो. घेणारा न विचारता देणारा होतो, आणि कायदा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला लवकर ओळखतो. त्यात बाहेरून बघणाऱ्याला होस्टेलची खोली दिसत नाही. त्याला दिसतो तो कॉलेजचा पत्ता.

म्हणून एक दिवस इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा खलिता प्राचार्यांच्या टेबलावर आला. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, आपण सिनेमे वाटतो?"

"आपण नाही सर. आपल्याकडून वाटले जातात."

"फरक काय?"

"कायद्यात फारसा नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. नवीन सिनेमा होता, थेटरात लागलेला. "कसा आहे म्हणे?" एवढं विचारून त्यांनी ते बंद करायचा आदेश दिला.

दुसरी भानगड अशी की फाइल शेअरिंगची काही सॉफ्टवेअरं बसवताना विचारतात, तुमच्याकडचं कुठलं फोल्डर इतरांना दाखवू? घाईतला माणूस कशालाही हो म्हणतो. फिजिक्सच्या एका सरांनी अख्खी डी ड्राइव्ह दाखवा म्हणून सांगितलं. वर्गात त्यांच्यासमोर पेन पडला तरी पोरांना घाम फुटायचा. त्यांना गाण्याची हौस होती आणि रियाज रेकॉर्ड करून ठेवायची सवय होती. पंधरवड्यात मुलांच्या होस्टेलात सकाळचा गजर म्हणून त्यांची तान वाजायला लागली. सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आवाज ओळखीचा वाटतो." मी म्हटलं, "बसा सर, चहा घेऊ." शेअरिंग बंद करायला मला दोन मिनिटं लागली. होस्टेलमधून ती तान परत आणायचा उपाय आमच्या शास्त्रात नव्हता. एकदा वाटलेलं परत येत नाही, हे मी त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं.

मग मी बाहेर जाणाऱ्या लाइनवर टॉरेंट अडवलं. काही दिवस नेट सुसाट चाललं. प्राचार्यांना वाटलं पोरं अभ्यासाला लागली. मला तसं वाटलं नाही, कारण बाहेरची लाइन मोकळी असूनही आतलं नेटवर्क दिवसेंदिवस जड होत होतं. आणि एका सकाळी डिप्लोमाच्या मुलांची ऑनलाइन परीक्षा मधेच अडकली. पोरं पडद्याकडं बघत बसलेली, पर्यवेक्षक माझ्याकडं बघत उभे. प्रश्नपत्रिका आमच्याच सर्व्हरवर होती आणि शंभर पावलांवरच्या लॅबमध्ये पोचत नव्हती.

पोरांनी कॅम्पसच्या आतच हब काढला होता. हब म्हणजे एक संगणक, जो कुणाकडं काय आहे एवढंच लक्षात ठेवतो. मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची गाठ घालून देतो, आणि पुढं फाइल थेट या खोलीतून त्या खोलीत जाते. बाहेरच्या जगाचा संबंध नाही. मी वेशीवर पहारा बसवला होता आणि बाजार गावातच भरत होता.

प्राचार्यांनी मुलांच्या होस्टेलचा रेक्टर बोलावून त्याला आधीच झापून ठेवलं. मी वायरच्या मागं गेले तर वायर मुलींच्या होस्टेलात गेली.

खोलीत टेबलावर उघड्या पोटाचा एक जुना संगणक होता आणि त्याच्यावर टेबलफॅन सोडलेला. शेजारी रेश्मा कोळपे बसली होती. तिसऱ्या वर्षाची, बीएस्सीची, राहू गावची. वडलांचा ऊस आणि थोडी शेवंती. आबांपर्यंत, म्हणजे आजोबांपर्यंत, घरात मेंढरांचं खांड होतं, पावसाळा सरला की ते घेऊन कोकणात उतरायचे, मग तेही थांबलं.

"हब तू चालवतेस?" मी विचारलं.

"व्हय मॅडम." तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "पन नियमानं चालवते."

"कसले नियम?"

"घान काय ठेवायचं न्हाई. आन् नुसतं घ्यायचं, द्यायचं काय न्हाई, असं कुणी केलं तर मी त्याला बाहेर काढते."

"परीक्षा अडकली आज, माहीत आहे?"

ते तिला खरंच माहीत नव्हतं. "कितीजनांची?" तिनं विचारलं.

"सगळ्यांची."

तिनं उठून आधी टेबलफॅन बंद केला, मग संगणक.

प्राचार्य तिला होस्टेलातून काढायला निघाले होते. मी म्हटलं, ताकीद पुरेशी आहे. हब बंद झाला. होस्टेलच्या प्रत्येक मुलाकडून, मुलीकडून लिहून घेतलं की हबवरून घेतलेलं सगळं काढून टाकलं जाईल. सापडलं तर नेट कायमचं बंद. रेश्माच्या खोलीत मी स्वतः खुर्ची घेऊन बसले आणि तिनं माझ्यासमोर सगळं पुसलं. परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरळीत झाली. तो आदेश चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. तीच वेळ आली तर तोच आदेश काढीन.

त्यानंतर काही महिन्यांनी मराठी विभागातून ढमढेरे सरांचा फोन आला.

ढमढेरे सरांविषयी सांगायला हवं. निवृत्तीला आलेले, शांत, सायकलवरून येणारे. कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डर घेऊन शिरूर आणि दौंडच्या वाड्यावस्त्यांवर जायचे आणि मेंढरामागं आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या माणसांची गाणी टिपायचे. ते सगळं त्यांनी कॉलेजच्या सर्व्हरवर एका मोकळ्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. कुणीही यावं, ऐकावं. पण माळावर रेकॉर्ड केलेलं, त्यामुळं गाण्यात वारा फार होता. सर वर्ष-दोन वर्षं तो साध्या सॉफ्टवेअरनं काढू पाहत होते, जमत नव्हतं. कुणीतरी त्यांना वारा काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं आणि ते फुकट कुठं मिळतं तेही सांगितलं.

कॉलेजच्या लाइनवर मी टॉरेंट अडवलेलं. सरांनी ते आपल्या मुलाच्या मोबाइलच्या नेटवर उतरवलं आणि पेनड्राइव्हनं विभागातल्या संगणकावर आणलं. टॉरेंटवर चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर कुलूप तोडायची एक छोटी फाइल येते. ती कुणी बनवली, तिच्या पोटात काय आहे, सांगायला कुणी बांधील नसतं.

मी गेले तेव्हा पडद्यावर लाल पाटी होती. इंग्रजीत मजकूर. तुमच्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली हवी तर पैसे भरा. वरती एक घड्याळ उलटं चालत होतं.

"अँटिव्हायरस कुणी बंद केला सर?"

"मी."

"का?"

"त्यात लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणून." सर सूचना पाळणारे गृहस्थ. औषधाच्या बाटलीवरचा कागदही ते शेवटपर्यंत वाचत.

"बॅकअप?"

त्यांनी संगणकाला जोडलेल्या हार्डडिस्ककडं बोट दाखवलं. "ही काय. कायम लावलेलीच असते. हलवत नाही, पडेल म्हणून."

जे संगणकाला जोडलेलं असतं त्यालाही कुलूप लागतं. हार्डडिस्क गेली. सर्व्हरवरच्या त्या फोल्डरमध्ये लिहायचा अधिकार सरांना होता, म्हणून तेही गेलं. ऑफिस आणि परीक्षा विभागाचा बॅकअप मी रोज घेत असे, ते वाचलं. विभागांच्या मोकळ्या फोल्डरांचा घेतला जात नाही हे फोल्डर देतानाच सगळ्यांना सांगितलेलं असायचं. सर तेव्हा म्हणाले होते, माझी हार्डडिस्क आहे.

तक्रार केली. जे अधिकारी आले त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं आणि आशा धरू नका असंही नीट सांगितलं. सर पैसे भरायला तयार होते. मी म्हटलं, "भरून किल्ली मिळेलच असं नाही. आणि हे काम कुणाचं, ते कुठं बसलेत, कुणालाच ठाऊक नाही." सर बाकावर बसले. मग म्हणाले, "काही जणांकडे परत जाता येईल. राहूच्या कोळप्यांचे आबा गेल्या साली गेले. त्यांचं काय करायचं?"

कॉलेजात बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी रेश्मा माझ्या खोलीच्या दारात उभी.

"मॅडम, सरांची गानी गेली म्हनत्यात."

"गेली."

"माझ्या आबाचं पन?"

मला एकदम सुचलं. "तुझ्याकडं कॉपी असेल ना? हबवर होती का ती गाणी?"

"व्हती की. मीच टाकली व्हती. आमच्याकडची पोरं लई ऐकायची." ती माझ्याकडं बघत होती. "तुमच्यासमोरच पुसली मॅडम. तुम्ही खुर्चीवर बसल्या व्हत्या."

पुसलेलं परत काढायची हत्यारं असतात. मी तिचा संगणक आणून ती सगळी वापरून पाहिली. पण मधल्या काळात तिनं सगळं नव्यानं बसवलं होतं. दिलेला शब्द पाळायचा म्हणून तिनं तो पुरेपूर पाळला होता. हातात काही आलं नाही.

मग मी नोटीस लावली. ज्यांच्याकडे ढमढेरे सरांच्या संग्रहातली गाणी शिल्लक असतील त्यांनी ती आणून द्यावीत, कोणतीही कारवाई होणार नाही. खाली माझी सही. आठवडा गेला, कुणी फिरकलं नाही. मुलांच्या होस्टेलात जाऊन विचारलं तर पोरं इतकी सभ्यपणे नाही म्हणाली की मला खात्री पटली, गाणी आहेत.

रेश्मा म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. नोटिशीवर तुमची सही हाय. पुसलं न्हाई तर नेट बंद, ही सही बी तुमचीच व्हती. पोरं कशाला येत्याल?"

"मग काय करू?"

"हब चालू करा."

मी दोन दिवस विचार केला. मग प्राचार्यांकडं गेले.

"सर, हब चालू करायचाय."

"कुठला?"

"मी बंद केला तो."

"कोण चालवणार?"

"जी चालवत होती ती."

प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. "मॅडम," ते म्हणाले, "हे लेखी मागू नका."

माझ्या खोलीत एक वेगळा संगणक लावला. ऑफिस, परीक्षा, सर्व्हर, सगळ्यांपासून तोडलेला. होस्टेलच्या वायरा तेवढ्या त्याला जोडल्या. येणारी प्रत्येक फाइल आधी तपासायची, मगच पुढं घ्यायची, असं ठरवलं. रेश्मानं एकच अट घातली. हबवर पोरं टोपणनावानं येतात. ती नावं कुणाची, हे मी शोधायचं नाही. मला ते पाच मिनिटांत शोधता आलं असतं. मी हो म्हटलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत हब चालू झाला. रेश्मानं वरती एक ओळ लिहिली : माझ्या आबाचं गानं कुनाकडं हाय?

आधी नुसती माणसं आली. एकेक टोपणनाव यायचं आणि गप्प बसायचं. प्रत्येकाच्या नावासमोर त्याच्याकडं काय आहे ते दिसतं, आणि मी पुसायला लावलेले सगळे सिनेमे, सगळे गेम जसेच्या तसे जागेवर होते. फिजिक्सच्या सरांची तानही होती. रेश्मानं पडदा जरा माझ्यापासून तिरका केला.

मग 'घाटाचा राजा' नावाच्या कुणीतरी लिहिलं, कोळप्यांचं हाय माझ्याकडं. रेश्मा म्हणाली, हा आमच्या मेंढरावाल्यांतला न्हाई, ह्याला बैलगाडा शर्यतीचा नाद हाय. तिनं त्याला विचारलं, तुझ्याकडं कसं? त्यानं उत्तर लिहिलं, चाल आवडली.

फाइल उतरली. मी तपासली. रेश्मानं हेडफोन लावला. सुरुवातीला गाणं नसतं, सर रेकॉर्डर मांडत असतात. एक खोकला येतो आणि म्हातारा माणूस विचारतो, "चालू झालं का, मास्तर?" बाहेरपर्यंत तेवढं मला ऐकू आलं. तिनं तिथंच थांबवलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"बाकीचं घरी ऐकते," ती म्हणाली. "आयला बी ऐकवते."

एकानं दिलं म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. संध्याकाळपर्यंत आणि मग त्या आठवड्यात गाणी येत गेली. कुणी चुलत्याचं ठेवलं होतं, कुणी गावातल्या म्हाताऱ्याचं, कुणी नुसतंच मोबाइलला वाजवायला. एका मुलाकडं सरांनी वारा काढायला घेतला त्याच्याही आधीची कॉपी होती. ढमढेरे सर रोज सुट्टीत यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि एकेक नाव बघून मान हलवायचे. मी या वेळी तीन ठिकाणी कॉप्या केल्या आणि त्यातली एक संगणकाला न जोडता कपाटात ठेवली. सरांनी कपाटाची किल्ली मागितली नाही.

सगळं आलं नाही. मुलाखती आल्या नाहीत, कारण लांबलचक बोलणं कुणी ठेवत नाही. आणि वरवंडच्या पलीकडच्या वस्तीवरच्या हौसाबाईंचं काहीच आलं नाही. त्या एकट्या राहायच्या. मूलबाळ नाही. त्यांच्या नात्यागोत्यातलं कुणी आमच्या कॉलेजात शिकत नव्हतं, म्हणून त्यांचं गाणं कुणी घेतलं नव्हतं. सर म्हणाले, संग्रहातलं सगळ्यात लांब गाणं त्यांचं होतं. कळपातून चुकलेल्या मेंढीचं. ती कुठल्या कुठल्या घाटानं जाते, कुणाकुणाला वाट विचारते, ते सगळं.

"हयात आहेत?" मी विचारलं.

"आहेत. पण मला आता तोंड दाखवायचा संकोच वाटतो. दोन दिवस बसवून घेतलं होतं त्यांना."

रविवारी मी सरांना घेऊन गेले. रेकॉर्डर मीच धरला, सरांच्या हातात दिला नाही. हौसाबाई ओट्यावर घेवडा निवडत होत्या. सरांनी खाली मान घालून झालेलं सांगितलं. व्हायरस, कुलूप, हार्डडिस्क. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मंजी तुम्ही नेलेलं हरवलं."

"हो मावशी."

"मी कुठं हरवले? बसा."

घेवडा बाजूला सारून त्यांनी सुरुवात केली. आवाज बारीक झाला होता, दम पुरत नव्हता, पण चाल पक्की होती. मेंढी कळपातून सुटली, ओढा ओलांडला, पहिला घाट चढली. दुसऱ्या घाटापाशी त्या थांबल्या. पुन्हा मागून सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबल्या. हात हवेत तसाच राहिला.

"म्होरचं येईना मास्तर. कोन भेटतंय तिला तिथं?"

ढमढेरे सरांनी ते रेकॉर्डिंग वारा काढायच्या नादात वर्ष-दोन वर्षं रोज ऐकलं होतं. त्यांनी पुढची ओळ म्हटली. मग तिच्या पुढची. बसक्या, मास्तरी आवाजात.

हौसाबाईंनी हात खाली घेतला. "तुम्हाला कुनी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मंग नीट म्हना. चाल चुकतीया." त्यांनी मांडीवर हातानं ठेका धरला. "घाटापास्नं परत घ्या."

सरांनी घाटापासून परत घेतलं. मी रेकॉर्डर जरा त्या दोघांच्या मधे सरकवला.